उंची ५ फूट ३ इंच आणि डोक्यात हिमालयन ४५०, समजूत घाला नाहीतर हवा भरा

अर्धा_पाय

नमस्कार मंडळी. दोन-अडीच वर्षं नुसता वाचनमात्र होतो, आज पहिल्यांदा धागा काढतोय, चुकलंमाकलं सांभाळून घ्या.

मी नाशिकचाच, राहायला पाथर्डी फाटा, नोकरी अंबडला. वय ३८, वजन ६१ किलो आणि उंची ५ फूट ३ इंच, तीही सकाळी उठल्या उठल्या मोजली तर. शाळेत प्रार्थनेला कायम पहिल्या रांगेत आणि ग्रुप फोटोत कायम खाली मांडी घालून, त्यामुळे उंचीवरून वाईट वाटायचं वय कधीच गेलं. चौदा वर्षं स्प्लेंडर दामटली. आता घराचे हप्ते संपले आणि डोक्यात रॉयल एनफील्डची हिमालयन ४५० शिरलीय. मागच्या श्रावणात मित्राच्या गाडीवर मागे बसून त्र्यंबक, पहिने, घोटी, भंडारदरा असा फेरा मारला, खड्ड्यांतून ती गाडी अशी चालली होती की मागे बसून कटिंग पिता आला असता. तेव्हापासून झोप नाही.

तर शनिवारी शोरूमला गेलो, बायको बरोबर. ती ५ फूट ६. सेल्सच्या पोराने आम्हा दोघांना एकदा खालीवर बघितलं आणि तिला विचारलं, मॅडम टेस्ट राइड घेणार का. म्हणलं बाबा रे गाडी मला पाहिजे. मग दोन पोरांनी दोन्हीकडून गाडी धरली आणि मला वर चढवलं, नवरदेवाला घोडीवर बसवतात ना, डिट्टो तसं. दोन्ही पाय सोडले तर नुसते चवडे टेकतात, तेही ताणून. गाडी जरा डावीकडे कलली आणि पोटात गोळाच आला. टेस्ट राइड न घेताच उतरलो. नंतर बायको बसली तर तिचे दोन्ही पाय जवळजवळ सपाट, वर म्हणते छान आहे की, एवढं काय त्यात.

कागदावर बघायला गेलं तर स्प्लेंडरची सीट ७८५ मिमी आणि हिमालयन ४५० ची ८२५, म्हणजे फरक जेमतेम दोन बोटांचा. पण वजन ११२ किलो कुठे आणि १९६ कुठे. नेमकं घाबरायचं कशाला तेच कळेना. गाडी खाली करून घेऊ, दुसरी बघू, का स्प्लेंडरवरच समाधान मानू?

शेवचिवडा

दोन विटा टँक बॅगेत ठेव भाऊ. सिग्नल आला की डावीकडे एक टाकायची, सुटला की सोडून द्यायची. कुंभाच्या कामांनी सगळं शहर खणून ठेवलंय, विटांना तोटा नाही.

हलके घ्या. उत्तर द्यायला जाणकार येतीलच, मी आपला पॉपकॉर्न घेऊन बसलोय.

कसाराघाट

उंची सांगू नकोस, इनसीम सांग. म्हणजे पायाची आतली लांबी, जांघेपासून टाचेपर्यंत. सारख्या उंचीच्या दोन माणसांत यात चार-पाच सेंटिमीटरचा फरक सहज निघतो, कोणाचं धड लांब असतं कोणाचे पाय. मोजायचं असं, अनवाणी भिंतीला पाठ लावून उभा राहा, पायांत वीतभर अंतर ठेव, जाड पुठ्ठ्याचं पुस्तक दोन पायांच्या मधे घेऊन वर दाब, दुखेल इतकं नाही पण लाज वाटेल इतकं, आणि पुस्तकाच्या वरच्या कडेपासून जमिनीपर्यंत टेप लाव. हे घरातल्या कोणाला तरी करायला सांग, एकट्याने केलं की पुस्तक तिरकं होतं.

दुसरं म्हणजे सीट हाईटचा आकडा गाडीवर कोणी बसलेलं नसताना मोजलेला असतो. तू बसलास की शॉकअप दबतात आणि सीट खाली येते. ६१ किलोला कमी दबतात, ९० किलोवाल्याला जास्त, म्हणून कोणी जाडजूड मित्र म्हणाला की मी पण तुझ्याएवढाच आणि मला आरामात पाय टेकतात, तर त्याचं ऐकू नको.

आणि तिसरं, जे कागदावर छापतच नाहीत, ते म्हणजे सीटच्या नाकाची रुंदी. क्लासिक ३५० ची सीट ८०५ आहे पण बूड चांगलं रुंद, त्यामुळे पाय बाहेर फाकतात आणि लांबी तिथेच खर्ची पडते. याच्या उलट एखादी ८३० ची गाडी टाकीजवळ चिंचोळी असेल तर पाय सरळ खाली जातो. शोरूममधे बसलास तेव्हा मागे बसला होतास का टाकीला चिकटून? नवीन माणूस नेहमी मागे बसतो. परत जा, बूट घालून जा, पुढे सरकून बस आणि मग सांग.

गिरणारेकर

मी ५ फूट ४. हिरोची एक्सपल्स २०० ४व्ही, तीन वर्षं. सीट ८२५ च, म्हणजे तुझ्या हिमालयनएवढीच, पण वजन १५९ किलो. रोज द्राक्षाच्या बागेत, कॅनॉलच्या कडेने, पावसाळ्यात गाऱ्यातून. आठवड्यातून एकदा आडवी होते. उचलतो आणि जातो. हेच १९६ किलो असतं तर बागेतल्या माणसांना हाका मारत बसलो असतो. तर भो, सीटकडे बघू नको, वजनाकडे बघ. पाय पुरला नाही तर माणूस सावरतो, वजन सुटलं की सुटलं.

फक्त प्रो घेऊ नको, तिची सीट ८९१ आहे. मी एकदा बसून बघितलं, उतरायला शिडी मागायची वेळ आली.

सिडकोचा_राजा

कटू बोलतो, राग मानू नये. घेऊ नका. इथे सगळे हवा भरतील आणि गाडी तुम्हाला सांभाळायचीय. संध्याकाळी साडेसहाला आपल्या द्वारका चौकात उभे राहून दाखवा, डावीकडे रिक्षा, उजवीकडे बस, मागे हॉर्न, पायाखाली खडी, मागे बायको आणि भाजीची पिशवी. एक चवडा टेकवून १९६ किलो अधिक बायको. माझा साडू ५ फूट ५ चा आहे, त्याची मोठी गाडी निव्वळ उभ्या उभ्या पडली, सायलेन्सरला पोटरी लागली, महिनाभर ड्रेसिंग. आता ती गाडी सोसायटीत कव्हर घालून आहे, आठवड्यातून एकदा चालू करतो बॅटरी उतरू नये म्हणून. हौसेला मोल नसतं, मान्य, पण मग निदान बसता येईल अशी तरी हौस करा.

निळी_छत्री

मी ५ फूट १ इंच. चार वर्षं जुनी एक्सपल्स २००, त्याआधी ॲक्टिव्हा, मधे काहीच नाही. राहायला देवळाली कॅम्प. नाशिक ते साल्हेर, नाशिक ते जव्हार, एकदा नाशिक ते स्पिती. वरच्या काकांना नम्रपणे सांगते की द्वारकेला मी रोज उभी असते.

अर्धा_पाय, तुमची खरी अडचण ही की चौदा वर्षं तुम्ही दोन्ही पाय सपाट टेकवून थांबत आलात, आणि आता गाडी थांबली म्हणजे दोन्ही पाय टेकलेच पाहिजेत असं डोक्यात बसलंय. नाही टेकले तरी चालतं. एकच टेकवायचा. डावा खाली, उजवा मागच्या ब्रेकवर. आणि नुसता पाय खाली सोडायचा नाही, बूडच अर्धं सीटवरून डावीकडे सरकवायचं, उजव्या मांडीने सीटची कड धरायची. असं केलं की चवड्यावर थरथरणारा तोच पाय टाचेपर्यंत टेकतो. घरी पार्किंगमधे भिंतीच्या बाजूला उभं राहून शंभर वेळा करा, हसतील शेजारी, हसू देत.

आता यातली गंमत, जी मला पडून पडून कळली. आपला रस्ता मधे उंच आणि कडेला उतरता असतो, पाणी वाहून जावं म्हणून. आपण चालतो डावीकडून. म्हणजे कडेला थांबलात तर डाव्या पायाखालची जमीन नेमकी दोन-तीन इंच खोल असते. सपाट शोरूममधे टेकणारा पाय गंगापूर रोडच्या कडेला टेकत नाही त्याचं कारण हे. म्हणून कडेला थांबायचं तर एकदम फूटपाथला चिकटून, पाय फूटपाथच्या कडेवर. मधे थांबायचं तर दुभाजकाला चिकटून, उजवा पाय दुभाजकावर. आणि उतार उजवीकडे असेल तर मुकाट्याने डावा टेकवा. मी आता सिग्नल लांबून दिसला की सिग्नल बघतच नाही, जमीन बघते. वाळू आहे का, खड्डा आहे का, ड्रेनेजचं झाकण आहे का. पाय कुठे पडणार ते थांबायच्या वीस फूट आधी ठरलेलं असतं.

आणि अगदी हळू असताना, हँडल वळलेलं असताना, पुढचा ब्रेक. कधीच नाही. माझ्या निम्म्याहून जास्त पडण्याचं कारण एवढंच. हँडल वळलेलं, पुढचा ब्रेक दाबला, गाडी त्या बाजूला बसलीच. हळू वेगात फक्त मागचा ब्रेक आणि हाफ क्लच.

सिडकोचा_राजा

काका? मी ४४ चा आहे.

निळी_छत्री

सॉरी दादा. भाजीच्या पिशवीवरून वाटलं.

पाना_नंबर_दहा

गॅरेजवाला आहे, सातपूरला, नाव सांगत नाही नाहीतर जाहिरात म्हणाल. गाडी खाली करून घेऊ का विचारलंय त्यावर बोलतो, कारण अर्धवट कामं करून आलेल्या गाड्या मीच सरळ करत बसतो.

खाली करायचे मार्ग चार. सगळ्यात स्वस्त म्हणजे मागच्या शॉकअपचा प्रीलोड कमी करणे. सी पाना लावून चकती फिरवली की स्प्रिंग सैल पडते, तू बसलास की गाडी जास्त दबते. फुकट काम, एखादा सेंटिमीटर मिळतो. पण मग मागे माणूस बसला आणि खड्डा आला की शॉकअप तळाला आपटतो. दोघं जाणार असाल तेव्हा परत वर करायचा, आळस करायचा नाही.

मग सीट. हिमालयन ४५० ला कंपनीचीच कमी उंचीची सीट वेगळी मिळते, ८०५ वर येते. ही घेण्यात काही पाप नाही. किंवा कुशनवाल्याकडून फोम कमी करून घ्या. इथे लोक चूक करतात, वरून फोम काढायला लावतात. वरून काढला की घोटीपर्यंत बरं वाटतं, पुढे पत्र्यावर बसल्यासारखं. वरून बोटभर आणि खरं कापायचं ते नाकाजवळ दोन्ही बाजूंनी, मांड्या जिथून खाली उतरतात तिथे. वर एकाने सांगितलं तेच, रुंदी. आणि मूळ सीट कापू नका, दुसरी घेऊन ती कापा, गाडी विकताना मूळ लागते.

तिसरा मार्ग लिंक. मागच्या शॉकअपला खालून ज्या दोन पट्ट्या जोडलेल्या असतात त्यांना डॉगबोन म्हणतात. बहुतेक गाड्यांत त्या लांब घातल्या की मागचं बूड २५ ते ३० मिमी खाली येतं. ऑनलाइन मिळतात, पोरं स्वतः बसवतात आणि मग माझ्याकडे येतात. का, तर मागचं खाली गेलं आणि पुढचं तसंच, म्हणजे गाडी तोंड वर करून उभी. हेडलाइट झाडांवर, वळणात हँडल सुस्त. म्हणून पुढचे फोर्कचे दांडे पण टीमधून, म्हणजे हँडलखालच्या पकडीतून, तेवढ्या मापात वर सरकवावे लागतात. त्यात पुढचं चाक मडगार्डला किंवा फोर्क हँडलला घासत नाही ना ते बघावं लागतं. एवढं केलं तरी साइड स्टँड जुन्याच लांबीचा. गाडी जवळजवळ सरळ उभी राहते, जरा उजवीकडे उतार असला की आडवी. मग स्टँड कापून वेल्डिंग. सेंटर स्टँड असेल तर तो लावायला दोन माणसं. आणि हे सगळं करून मिळवलं काय, तर ज्या ग्राउंड क्लिअरन्ससाठी, म्हणजे पोटाखालच्या मोकळ्या जागेसाठी, उंच गाडी घेतली तोच कमी केला. शिवाय वॉरंटीत कंपनी वाद घालू शकते.

चौथा मार्ग जाड तळाचे बूट. सर्वात चांगला. दोन-अडीच सेंटिमीटर, आणि गाडीला हात लावायचा नाही.

कसाराघाट

+१. लिंक शेवटचा उपाय, पहिला नाही.

जुना_आयडी

या विषयावर आधी पाच-सहा धागे निघालेत, शोध घेतला असता तर सापडले असते. आमच्या वेळी साडेपाच फुटांखालची माणसं राजदूत आणि बुलेटवर पोतं, दूधाचे कॅन आणि बायको घेऊन कसारा चढत होती, इनसीम वगैरे कोणी मोजलं नाही.

शेवचिवडा

आमच्या वेळी कसाराच बुटका होता.

अर्धा_पाय

एवढे प्रतिसाद बघून भरून आलं. इनसीम मोजला. बायकोने टेप धरला आणि मुलाच्या भूगोलाच्या नकाशासंग्रहाने काम झालं, मुलगा विचारत होता बाबा तुम्ही ॲटलासवर का बसलाय. ७२.५ सेंटिमीटर. तिचा पण मोजला, ७९. मी विचारलं नव्हतं, तिनेच मोजून घेतला.

काल परत गेलो, बूट घालून, टाकीला चिकटून बसलो, बूड डावीकडे सरकवून. निळी_छत्रीताई, डावा पाय चक्क टाचेच्या जरा आधीपर्यंत टेकला! उजवा हवेत, पण मजेत हवेत. सेल्सच्या पोराने कमी उंचीची सीट लावून दाखव म्हणलं तर स्टॉकमधे नाही, बुक करा मग मागवू. घेण्याआधी बसूनच बघायचंय तर बुक कशाला करू, यावर त्याच्याकडे उत्तर नाही.

तरी मनात वजन आहेच. गिरणारेकर म्हणतात ते खरं वाटतं, सिडकोचे राजे म्हणतात ते पण खरं वाटतं.

कसाराघाट

चल गणित करू. ८२५ मधून ७२५ गेले, १०० राहिले. बुटाचा तळ २५, तू बसल्यावर शॉकअप दबले ते ३० धर. राहिले ४५. पाय फाकल्यामुळे त्यात थोडे परत वाढतील. म्हणजे दोन्ही पाय सोडलेस तर टाच जमिनीपासून दोन इंच वर आणि चवडे टेकलेले. हे अजिबात वाईट नाही, कित्येक जण यापेक्षा कमी पायावर चालवतात. कमी उंचीची सीट लावलीस तर अजून २० गेले.

आता इतर गाड्या याच मापाने बघ. येझदी ॲडव्हेंचर ८१५, पण वजनाला हिमालयनच्याच घरात. व्ही-स्ट्रॉम एसएक्स ८३५, वजन १६७. एक्सपल्स २१० ची ८३०, वजन १६८. जुनी ३९० ॲडव्हेंचर ८५५, ती सोड. होंडाची एनएक्स २०० फक्त ८१० आणि १५० च्या आत वजन, पण ती दिसायला ॲडव्हेंचर, ग्राउंड क्लिअरन्स साध्या गाडीचा, कच्च्यात नेलीस तर पोट घासेल. म्हणजे हलकी हवी तर सीट किंचित वर जाते आणि खाली हवी तर वजन वाढतं. दोन्ही एकत्र देणारी गाडी तुला पाहिजे त्या रस्त्यांसाठी सापडत नाही, कुठलं दुखणं परवडतं ते तू ठरव.

माझं स्वतःचं म्हणशील तर मी वजन सोसेन पण ते खाली बसलेलं हवं. वरवर भरलेली टाकी असलेली गाडी उभी असताना जड लागते, चालताना नाही. टेस्ट राइडला गाडी अर्ध्या टाकीवर असते आणि आपल्याकडे १७ लिटर भरलेली, हाही फरक लक्षात घे.

पाना_नंबर_दहा

मग एक बोलू का, जुनी हिमालयन बघ. ४११. २०१६ ला आली ती. सीट ८००. वजन १९९, म्हणजे नवीपेक्षा तीन किलो जास्तच, पण बसल्यावर जड वाटत नाही, खाली बसलेली आहे. आणि इंजिन असं की पहिल्या-दुसऱ्या गिअरमधे क्लच सोडला तरी ट्रॅक्टरसारखी ओढत राहते. बुटक्या माणसाला हे फार कामाचं. कारण तो पडतो कधी, तर यू टर्नमधे गाडी अचानक बंद पडते तेव्हा. वेग नाही तिला, मुंबईला हायवेने जायचं तर ट्रक ओव्हरटेक करताना कंटाळा येईल. पण पहिने-भंडारदऱ्याला वेग करायचाय काय? बीएस ६ मधली, म्हणजे २०२० नंतरची बघ, चेसिस नंबर, हेडबेअरिंग (ज्यावर हँडल फिरतं ते) आणि पुढची रिम तपासून. पडलेली असेल तर असू दे, नुसता क्रॅश गार्ड घासलेला असेल तर उलट बरं.

गिरणारेकर

सेकंडहँडचा अजून एक फायदा भो, पहिला ओरखडा आधीच्या मालकाच्या नावावर. नवीन गाडी पडली की पहिले आठ दिवस माणूस जेवत नाही.

निळी_छत्री

घ्यायच्या आधी कोणाचीही उंच गाडी मागून दोन रविवार मोकळ्या जागेत घालवा. आणि पहिल्यांदा चालवायला नाही, पाडायला शिका. हसू नका, सिरियसली. गवतावर हळूच आडवी करा आणि उचला. कुठल्याही बाजूला पडली तरी आधी इंजिन बंद. हँडल जमिनीकडच्या बाजूला पूर्ण वळवा. मग गाडीकडे पाठ करून सीटच्या कडेला बूड टेकवा, एका हाताने खालचं हँडलचं टोक, दुसऱ्या हाताने मागचं कॅरिअर, पाठ ताठ, आणि पायांनी मागे मागे छोटी पावलं. कमरेने नाही, मांड्यांनी. उजवीकडे पडली असेल तर उचलायच्या आधी गिअरमधे टाका म्हणजे घरंगळणार नाही, आणि साइड स्टँड बाहेर काढून ठेवा, नाहीतर उचलता उचलता पलीकडे टाकाल, मी टाकलीय, चांदवडच्या टोल नाक्यावर, रांगेतल्या सगळ्या गाड्यांसमोर. माझं वजन ४९ आहे, मी माझी उचलते.

सिडकोचा_राजा

हे मात्र मान्य. उचलता येत असेल तर घ्या. साडवाला हे कोणी सांगितलं नव्हतं. आणि एक भर माझी, पार्किंग. पाय न पुरणाऱ्या माणसाला गाडी बसून मागे ढकलता येत नाही. तोंड उतारावर भिंतीकडे करून लावलीत की संपलं, मग उतरून ओढत बसा. नेहमी तोंड बाहेर काढूनच लावा, नाहीतर चढाकडे तोंड आणि पहिला गिअर.

अर्धा_पाय

उशीर झाला सांगायला, सव्वा महिना गेला मधे. घेतली. हिमालयन ४११, २०२१ ची, करडी, सेकंडहँड, क्रॅश गार्ड डावीकडून घासलेला. पाना दादांनी सांगितलेलं सगळं तपासलं, हेडबेअरिंग बदलून घेतलं.

त्याआधी मित्राची एक्सपल्स मागून गंगापूर धरणाच्या बॅकवॉटरला मुरमावर दोन रविवार. पहिल्या रविवारी तीनदा पाडली, एकदा मुद्दाम आणि दोनदा तशीच. दुसऱ्या रविवारी हँडल पूर्ण वळवून आठ आकड्यात फिरवली, मागचा ब्रेक आणि हाफ क्लच, शेवटी शेवटी कंटाळा येईपर्यंत. एक्सपल्स खरंच हलकी, मन तिकडेच चाललं होतं, पण मागे बायको बसवून बघितली आणि दोघांनाही कळलं की सापुताऱ्यापर्यंत हे जमणार नाही.

पहिली मोठी फेरी परवा वणीला. नांदुरीहून वर चढताना गाड्यांची रांग, चढावर उभं राहायची वेळ. डावा पाय खाली, उजवा ब्रेकवर, क्लच हळूच सोडला, ब्रेक सोडला, गेली. कोणी बघितलं नाही, पण मला मोठ्याने ओरडावंसं वाटलं. परत येताना मिसळ खायला थांबलो आणि सिडकोच्या राजांचं विसरलो. तोंड भिंतीकडे, उतार भिंतीकडे. पाव जास्त झाले होते. दहा मिनिटं ओढली, मग मिसळवाल्याच्या दोन पोरांनी धरून मागे काढली, परत नवरदेवच.

आता खरी अडचण वेगळीच. बायको म्हणते रविवारी सकाळी तिला शिकव. ती बसते तेव्हा दोन्ही पाय पुरेपूर सपाट, त्यामुळे बूड सरकव, जमीन बघ, हे काही ऐकतच नाही. काल सोसायटीत हँडल वळवलेलं असताना पुढचा ब्रेक दाबला आणि पाडली. आता उजवीकडचा गार्ड पण घासला. उचलताना साइड स्टँड आधी काढायला मीच सांगितलं, एवढं समाधान.

शेवचिवडा

म्हणजे उंच माणसांनी ॲडव्हेंचर गाडी घ्यावी का असा नवा धागा वहिनींनी काढावा.

निळी_छत्री

वहिनींना इकडे आयडी काढायला सांगा. आणि प्रीलोड, त्या चालवतील तेव्हा आणि तुम्ही चालवाल तेव्हा वेगळा ठेवायचा असेल तर कितव्या खाचेवर कोण ते गार्डच्या आतल्या बाजूला मार्करने लिहून ठेवा. आमच्याकडे मी आणि भाऊ एकच गाडी वापरायचो तेव्हा रोज भांडण व्हायचं.

अर्धा_पाय

ती आत्ता शेजारीच बसून वाचतेय. म्हणते आयडी काढते, फक्त अर्धा_पाय सारखं काही नको. पाना दादा, सी पाना गाडीच्या टूलकिटमधे सापडला नाही, वेगळा घ्यावा लागेल का?

पाना_नंबर_दहा

आधीच्या मालकाने ठेवून घेतला असेल. माझ्याकडे जुना पडलाय एक, शनिवारी संध्याकाळी ये, पत्ता व्यनित (खाजगी निरोपात) पाठवतो.